‘फ्री कॉलनी’ नेमकी कशापासून फ्री? सोलापूरच्या कामगार वसाहतींची गोष्ट

सोलापुरात ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे. तिथल्या पत्त्यांवर ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असं लिहिलेलं असतं आणि पुढे कॉलनीचा नंबर. शाळेच्या दाखल्यावर, आधार कार्डावर, लग्नाच्या पत्रिकेवर हे नाव इतकं रुळलंय की त्यातल्या ‘फ्री’ या शब्दाकडे कुणाचं लक्ष जात नाही. बाहेरगावचा माणूस मात्र थबकतो. कॉलनी फ्री म्हणजे काय? फुकट मिळालेली? की कशातून तरी सुटलेली?

उत्तर दुसरं आहे. ही वसाहत तारेच्या कुंपणाबाहेरची, म्हणून फ्री. कुंपणाच्या आतही एक वसाहत होती. त्या दोन्हींचा सोलापूरच्या कापड गिरण्यांशी जवळचा संबंध होता.

सोलापूर हे गिरण्यांनी मोठं केलेलं शहर, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण गिरणीत काम करणारा माणूस संध्याकाळी जायचा कुठं, त्याचं घर कुणी बांधलं, ते कुणाच्या मालकीचं होतं, या प्रश्नांची उत्तरं शोधायला लागलं की शहराचा नकाशा वेगळा दिसू लागतो.

आधी ‘कंपनीचं गाव’ म्हणजे काय ते पाहू

कारखानदारानं कारखान्यासोबत अख्खं गावच वसवायचं, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली. इंग्लंडमध्ये टायटस सॉल्ट यानं 1850 च्या दशकात लोकरीच्या गिरणीभोवती सॉल्टेअर उभारलं. साबणवाल्या लिव्हरनं 1888 पासून पोर्ट सनलाइट बांधायला घेतलं. या गावांची मांडणी साधारण सारखी: मधोमध किंवा एका कडेला कारखाना, सरळ आखलेले रस्ते, हुद्द्याप्रमाणे लहान-मोठी घरं, शाळा, प्रार्थनाघर, दवाखाना, बाग. घर नीटनेटकं, पण ते कंपनीचं. नोकरी गेली की घरही गेलं.

या व्यवस्थेतली मेख अमेरिकेत शिकागोजवळच्या पुलमन गावात उघडी पडली. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमननं बांधलेलं हे गाव पाहायला लांबून लोक येत. 1893 च्या मंदीत कंपनीनं मजुरी कापली, घरभाडं मात्र तेवढंच ठेवलं. पगार देणारा आणि भाडं घेणारा एकच असल्यामुळे कामगारानं तक्रार करायची कुणाकडे? 1894 मध्ये संप झाला, तो देशभर पसरला. शेवटी 1898 मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं कंपनीला कारखान्याला न लागणारी मालमत्ता विकून टाकायला सांगितलं.

आपल्याकडे जमशेदपूर हे मोठं उदाहरण. महाराष्ट्रात किर्लोस्करवाडी. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ निवडुंगानं भरलेला माळ दिला आणि त्या माळावर नांगरांचा कारखाना आणि गाव एकदमच उभं राहिलं. तिसरं उदाहरण सोलापूरकरांच्या जिव्हाळ्याचं. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, 1882 चा. त्यांनी इंदापूर तालुक्यात उसाच्या शेतीजवळ साखर कारखाना काढला आणि त्याभोवती वालचंदनगर वसलं.

म्हणजे सोलापूरच्या माणसानं कंपनीचं गाव वसवलं, पण सोलापूरच्या बाहेर. सोलापुरात का नाही?

गाव आधीच होतं, म्हणून

कारण अगदी व्यवहारी आहे. जमशेदपूर, किर्लोस्करवाडी, वालचंदनगर या तिन्ही ठिकाणी आधी शहर नव्हतं. कामगार आणायचा तर त्याला घर, पाणी, दुकान, मास्तर, डॉक्टर सगळं कंपनीनंच द्यायला हवं होतं. सोलापुरात तसं नव्हतं. भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलावाच्या आसऱ्यानं पेठा केव्हाच वसल्या होत्या. नगरपालिका 1852 पासून होती. 1860 च्या सुमारास रेल्वे आली आणि आजूबाजूचा कापूस, धान्य, माणसं सगळं इथं येऊन पडू लागलं.

मुंबईचे मुरारजी गोकुळदास यांनी 1870 च्या दशकात सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली. 1877 मध्ये गिरणी सुरू झाली. हीच पुढे ‘जुनी मिल’. मुरारजी पेठ हे नाव त्यांचंच. गिरणी सुरू झाली ते साल लक्षात घ्या. 1876 ते 1878 हा दख्खनच्या भीषण दुष्काळाचा काळ. शेतं ओस पडलेली, विणकरांकडचं काम सुटलेलं. मजूर शोधत हिंडायची गरजच नव्हती, तो गिरणीच्या दारात उभा होता. अशा मालकानं सॉल्टेअर कशाला बांधावं?

एकोणिसावं शतक संपता संपता नरसिंगगिरजी मिल आली, त्यानंतर दहाएक वर्षांत विष्णू आणि लक्ष्मी. गिरण्यांनी भिंती बांधल्या, धुराडी उभारली, पाण्यासाठी तळी केली. कामगारांसाठी मात्र हात राखूनच बांधलं.

चाळ आणि भोंगा

गिरण्यांनी बांधलेल्या त्या चाळी. जुनी मिल चाळ, विष्णू मिल चाळ अशी नावं सोलापूरकरांच्या तोंडी अजून आहेत. चाळीची मांडणी मुंबईकरांना सांगायला नको, पण सोलापूरची चाळ बहुतेक बैठी. मुंबईत जागा महाग म्हणून चाळ वर चढली, इथं जागा होती म्हणून ती आडवी पसरली. ओळीनं खोल्या, पुढे पडवी किंवा ओटा, नळ आणि संडास सामाईक. उन्हाळ्यात पत्र्याखाली राहणं अशक्य, त्यामुळे झोपणं, भांडणं, भजन, निवडणुकीच्या चर्चा असं निम्मं आयुष्य ओळींमधल्या बोळात चालायचं.

गिरणीत काम करणाऱ्या सगळ्यांना पुरतील इतक्या खोल्या कधीच नव्हत्या. उरलेले लोक पेठांमधून भाड्यानं राहिले, मोकळ्या जागांवर झोपड्या घालून राहिले, नातेवाइकांच्या घरात कोंबून राहिले. तरीही गिरणीची सत्ता त्यांच्यापर्यंत पोचायची ती भोंग्यानं. कामगार कुठल्याही पेठेत राहो, उठायचा भोंग्यावर. ज्यांच्या घरातलं कुणीच गिरणीत नव्हतं, त्यांच्या चुलीही त्याच आवाजावर पेटायच्या. गावाची आखणी गिरणीनं केली नाही, गावाच्या दिवसाची मात्र केली.

असं मिसळून राहण्याचा एक परिणाम मालकांना आणि सरकारला नंतर कळला. कंपनीच्या गावात फाटक बंद केलं की संप आत कोंडता येतो. सोलापुरात कामगार आणि शहर वेगळे काढताच येत नव्हते. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर हे शहर पेटलं तेव्हा गिरणी कामगार मोठ्या संख्येनं रस्त्यावर होते. काही दिवस इंग्रजांचा अंमल नावालाही उरला नाही. मग लष्करी कायदा आला आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली.

तारेच्या आतली वसाहत

आता पुन्हा सेटलमेंटकडे.

सोलापुरात कामगारांसाठी आखून वसवलेली, नियमांनी बांधलेली वसाहत शोधायला गेलं तर ती गिरणीनं बांधलेली सापडत नाही. ती सरकारनं बांधली आणि ती कैदेसारखी होती.

1871 मध्ये इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. काही जाती-जमाती जन्मानंच गुन्हेगार आहेत, असं त्याचं गृहीतक. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानात लागू होता, 1911 च्या कायद्यानं मुंबई इलाख्यासह सगळीकडे लागू करता येऊ लागला. 1924 मध्ये त्याची आणखी पक्की मांडणी झाली. कैकाडी, टकारी, मांग गारुडी, कंजारभाट, फासेपारधी, भामटा अशा कितीतरी जमाती या यादीत गेल्या. रेल्वे आणि पक्के रस्ते आल्यावर यांतल्या अनेकांचे फिरते धंदे बसले होते. सरकारच्या लेखी मात्र फिरणं हाच संशय होता.

कायदा काय सांगत होता? जमातीची नोंदणी करायची, बोटांचे ठसे घ्यायचे. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची. परवान्याशिवाय हद्द ओलांडली तर वॉरंटाशिवाय अटक. सरकारला वाटलं तर अख्खी जमात एका वसाहतीत नेऊन ठेवायची मुभा होती. सगळ्यात कठोर तरतूद म्हणजे सहा ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून वेगळी काढून सरकारी शाळेत ठेवता येत होती.

मुंबई इलाख्यात या वसाहतींची घडी बसवली ती ऑलिव्हर स्टार्ट या आयसीएस अधिकाऱ्यानं. हा माणूस सरळ खलनायक म्हणून रंगवता येत नाही. 1930 च्या सुमारास दलित आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या ज्या समितीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, तिचा अध्यक्ष हाच स्टार्ट. त्याचं म्हणणं असं की नुसती हजेरी घेऊन काही साधणार नाही, माणसाला कायमचं काम हवं. काम कुठं? जिथं गिरण्या आहेत तिथं. म्हणून हुबळी, गदग आणि सोलापूर या कापसाच्या गावांमध्ये वसाहती झाल्या.

इथं दोन गरजा बरोबर एकमेकींत बसल्या. सरकारला ही माणसं एका जागी हवी होती. गिरणीला वेळेवर येणारे, सोडून न जाणारे हात हवे होते. इतर कामगार पेरणीला, जत्रेला, लग्नाला गावी निघून जायचे. सेटलमेंटमधला कामगार जाणार कुठं? त्याला परवाना लागायचा. गिरणीला वसाहत बांधावी लागली नाही, राखण करावी लागली नाही, तरी कंपनीच्या गावाचा मुख्य फायदा, म्हणजे हलू न शकणारा मजूर, तिच्या पदरात पडला.

वसाहतीची रचना या हेतूतूनच निघालेली. भोवती काटेरी तारेचं कुंपण, ये-जा करायला फाटक, कचेरी, हजेरीची जागा, शाळा आणि ओळीनं राहण्याच्या जागा. ओळी सरळ का, तर मोजायला सोप्या. बराकी असोत, आश्रमशाळा असोत की सेटलमेंट, जिथं माणसं मोजायची असतात तिथं वास्तुरचना अशीच सरळ होते.

पण सगळे कायम तारेच्या आतच राहत नव्हते. ज्या कुटुंबाची वागणूक अधिकाऱ्यांना चांगली वाटे, ज्याचं काम नियमित असे, त्याला कुंपणाबाहेर जागा मिळे. तीच फ्री कॉलनी. म्हणजे हा नकाशा एका शिडीसारखा होता. आतून बाहेर जाणं हे बक्षीस आणि बाहेरून आत येणं ही शिक्षा. बाहेर आलेलं कुटुंबही पूर्ण मोकळं नव्हतं, नोंद आणि नजर कायम होतीच. तरी तारेच्या आत की बाहेर, हा प्रश्न माणसाच्या प्रतिष्ठेचा होता. ‘फ्री’ हा शब्द पत्त्यात का टिकला, याचं कारण मला इथं दिसतं. तो त्या काळी बिरुदासारखा मिरवण्याचा शब्द असणार.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतानं हा कायदा 1949 मध्ये रद्द केला, देशभरात तो 31 ऑगस्ट 1952 ला गेला. म्हणून 31 ऑगस्ट हा विमुक्त दिन. पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन तार तोडल्याची आठवण या समाजांमध्ये अजून सांगितली जाते. तार गेली, पण त्याच सुमारास ‘सराईत गुन्हेगार’ ही नवी कायदेशीर वर्गवारी आली आणि पोलिसांच्या वहीतला पत्ता तोच राहिला. नोकरीच्या अर्जावर किंवा चौकीत ‘सेटलमेंट’ असा पत्ता लिहिल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, हे तिथं वाढलेल्या कुणालाही विचारा.

गिरणीला टाळं लागलं आणि प्रकरण दिल्लीत गेलं

एकाच मालकावर शहर विसंबलं तर काय होतं, हे ऑगस्ट 1949 मध्ये दिसलं. जुनी मिल चालकांनी बंद केली. हजारो घरांचा पगार एका दिवसात थांबला. जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारनं खास या एका गिरणीसाठी वटहुकूम काढला, तिचा ताबा घेतला आणि नंतर त्याचा कायदा केला. एका कंपनीसाठी एक कायदा! कारण दिलं होतं बेकारीचं, अशांततेचं आणि कापडाच्या उत्पादनाचं.

भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर 1950 मध्ये चिरंजितलाल चौधरी खटल्यात न्यायालयानं बहुमतानं कायदा उचलून धरला. डिसेंबर 1953 मध्ये द्वारकादास श्रीनिवास खटल्यात मात्र सरकार हरलं: मोबदला न देता कंपनीचा ताबा घेणं म्हणजे मालमत्ता हिरावणंच, असं न्यायालय म्हणालं. पुढे 1955 ची चौथी घटनादुरुस्ती झाली, ती ज्या निकालांमुळे करावी लागली त्यांत हा एक. कायद्याचे विद्यार्थी ‘सोलापूर मिल केस’ पाठ करतात. त्या नावामागे मुरारजी पेठेतलं एक बंद फाटक आहे, हे त्यांना सहसा सांगितलं जात नाही.

जुनी मिल पुढे साठच्या दशकात कायमची थांबली. लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर काही वर्षांत नरसिंगगिरजी. गिरण्यांच्या जागांना भाव आला, चाळींमध्ये कामगारांची पुढची पिढी राहिली. नोकरी नाही, मालक नाही, पण खोली आहे. पुलमनच्या नेमकं उलटं.

घरातच कारखाना

गिरणीच्या बाहेर, शहराच्या पूर्व भागात आणखी एक घर घडत होतं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचं. साखर पेठ, अशोक चौक, कन्ना चौक या बाजूला फिरलात तर रस्त्यावरच यंत्रमागाची खटखट ऐकू येते. जुन्या हातमागाच्या घरात माग मध्यभागी. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून विणकर बसायचा, आणि उरलेल्या जागेत बाकीचं कुटुंब. कांड्या भरायला बायकामुलं. पुढे हातमाग जाऊन यंत्रमाग आला, तरी तो बऱ्याच ठिकाणी घराच्या पुढच्या खोलीत किंवा शेजारच्या शेडमध्येच बसला. सोलापुरी चादर जगभर गेली ती बहुतांशी अशा गल्ल्यांमधून.

नगररचनेच्या पुस्तकात राहण्याचा विभाग वेगळा, उद्योगाचा वेगळा. इथं दोन्ही एकाच छपराखाली. बाहेरच्या माणसाला हा नियोजनाचा अभाव वाटतो. हिशेब मांडला तर वेगळंच दिसतं: कारखान्याची इमारत, तिचं भाडं, तिची राखण हा सगळा खर्च विणकरानं स्वतःच्या घरातून भागवला.

विडीचा धंदा त्याहून पुढे गेला. कारखान्यातून पानं, तंबाखू आणि दोरा घ्यायचा, घरी विड्या वळायच्या, मोजून परत द्यायच्या. गिरणी कामगाराची, विणकराची बायको वर्षानुवर्षं हे करत आली. तिचं घर हाच कारखाना, पण ती कामगार आहे का, यावर वाद चालत. 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. 1976 च्या कायद्यानं कल्याण निधी आला आणि त्यातून घरासाठी मदत मिळण्याची वाट उघडली.

कुंभारीचा माळ

आणि इथं सोलापूरची गोष्ट बाकी कंपनी-गावांपेक्षा वेगळं वळण घेते. जे गाव मालकांनी बांधलं नाही, ते शेवटी कामगार बायकांनी मागून घेतलं.

माजी आमदार नरसय्या आडम आणि त्यांच्या युनियननं विडी कामगार महिलांची गृहनिर्माण संस्था काढली. नाव गोदूताई परुळेकरांचं, वारली चळवळीतल्या. केंद्र, राज्य आणि स्वतः कामगार अशा तिघांच्या पैशातून अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीला दहा हजार घरं उभी राहिली. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग त्यांच्या हस्तांतरणाला आले होते. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी तिथंच रे नगर: तीस हजार घरांचा प्रकल्प. त्यातल्या पंधरा हजार घरांचं हस्तांतरण 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते झालं. दोन पक्ष, दोन पंतप्रधान आणि मधे लाल बावटा, अशी गंमत सोलापुरातच घडू शकते.

नकाशा पाहिला तर जुनी ओळख पटते. उघडा माळ, सरळ रस्ते, सारखी घरं, लांबच लांब ओळी. फरक कागदावर आहे: घर भाड्याचं नाही आणि कामाला जोडलेलं नाही. विडी कारखाना उद्या बंद पडला तरी दार बंद होत नाही.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. चाळ गिरणीच्या भिंतीला लागून होती, विणकराचा माग घरात होता. कुंभारी शहराबाहेर आहे. यंत्रमागावर, हॉटेलात, बांधकामावर, धुण्याभांड्याला जाणाऱ्या माणसाला रोजचं जाणं-येणं पगारातून कापावं लागतं. पाणी, बस, दवाखाना, शाळा यांचा पुरवठा एवढ्या मोठ्या वस्तीला एकदम लागतो आणि तो घरांइतक्या वेगानं येत नाही. शिवाय शहरी गरिबांसाठीच्या सरकारी योजनेत घराचं चटई क्षेत्र 30 चौरस मीटरपर्यंतचं. खोली, स्वयंपाकघर, न्हाणी, संडास एवढं त्यात बसवायचं. विडीचं सूप मांडून बसायची जागा नकाशात वेगळी दाखवलेली नसते. ती उंबऱ्याशी, उजेड पाहून, जिची तिनं शोधायची.